जुन्या एस्टीमची निव्वळ ड्रॅग गाडी करताना काम टायरपासून सुरू करावे

गतिवेध, पुणे

घरी वापरून झालेली २००४ सालची मारुती एस्टीम पुन्हा रस्त्यावर आणायची नाही, तिची निव्वळ ड्रॅग गाडी करायची, असे ठरवून काम हाती घेतले आहे. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ज्या शर्यती झाल्या आहेत, तशा शर्यतीत जागच्या जागी उभ्या स्थितीतून सुटून ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, सरळ पळणे एवढेच तिचे काम राहील. असा विषय निघाला की पहिला प्रश्न "इंजिनाचे काय करणार?" हाच येतो. माझे म्हणणे असे आहे की एस्टीमसारख्या गाडीत इंजिन हे शेवटचे काम आहे. आधी टायर, मग वजन, मग पिंजरा (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा) आणि त्यानंतर इंजिन, हा क्रम मी धरला आहे. कोणाची हरकत असल्यास ती कारणांसह यावी, यासाठी हा धागा काढत आहे.

गाडीत १६ व्हॉल्व्हचे १२९८ सीसीचे इंजिन आहे. कंपनीच्या कागदावर त्याची ताकद ८५ बीएचपी आणि गाडीचे वजन ८७५ किलोच्या आसपास आहे. पाव मैलाच्या वेळेचा एक जुना ठोकताळा आहे. चालकासह गाडीच्या किलोंना बीएचपीने भागायचे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढायचे आणि त्याला ७.५८ ने गुणायचे, की सेकंद मिळतात. अमेरिकेत हेच सूत्र पौंडांत ५.८२५ या गुणकाने मांडतात, मी ते किलोत आणले आहे. ७५ किलोचा चालक धरून मूळ गाडीचे उत्तर १६.९५ सेकंद येते. आता इंजिनाला हात न लावता गाडी १७५ किलोंनी हलकी केली, तर उत्तर १५.८४ वर येते. हाच फायदा पूर्ण वजनाच्या गाडीत इंजिनातून काढायचा असेल, तर १०४ बीएचपी लागतील. रिंग-पिस्टन, हेडचे काम, कॅम आणि एक्झॉस्ट यांचा खर्च ज्याने केला आहे, त्याला जुन्या तेराशेच्या इंजिनातून हे १९ बीएचपी काढणे म्हणजे काय ते सांगायला नको. त्या मानाने पाना, पोपटपाना आणि शनिवार-रविवार हे साहित्य पुष्कळ स्वस्त आहे.

वजन उतरवण्यात सीट, स्टेपनी, एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर, हीटर, दारांची अस्तरे आणि म्युझिक सिस्टिम हे सगळे सहज निघते. वेळखाऊ काम आहे ते तळाच्या पत्र्यावर चिकटवलेल्या डांबरी थरांचे. कारखान्यातून आवाज दाबण्यासाठी लावलेले हे थर हीटगनने मऊ केले तर चिकट होऊन हातभर पसरतात. त्यावर कोरड्या बर्फाचे तुकडे पसरले, वरून पोते टाकले आणि काही मिनिटे थांबले, की थर काचेसारखा कडक होतो. मग लहान हातोडीने टकटक केल्यावर त्याला तडे जातात आणि पत्र्याला धक्का न लागता खपल्या निघतात. दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून, जाड हातमोजे घालूनच हे काम करावे, कारण त्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड गाडीच्या तळाशी साचून राहतो. खपल्या निघाल्या की खालचा गंजही दिसतो, आणि पिंजऱ्याचे पाय बसवायच्या जागा सडलेल्या आहेत की नाहीत हे तेव्हाच कळते, ही माझ्या दृष्टीने वजनापेक्षाही मोठी गोष्ट आहे.

एस्टीमची पुढची चाके ओढतात, आणि गाडी झेपावली की भार मागे सरकतो, म्हणजे जिथे पकड हवी तिथूनच तो उतरतो. एस्टीमचा व्हीलबेस २३६५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटरवर आणि उभ्या गाडीचा ६२ टक्के भार पुढच्या चाकांवर धरला, तर साध्या चांगल्या टायरवर, म्हणजे घर्षणांक १ मानून, ही गाडी फार तर ०.५१ जी इतक्या त्वरणाने वेग पकडू शकते (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण). घर्षणांक १.४ देणारा मऊ रबराचा टायर असेल तर तीच गाडी ०.६७ जी पर्यंत जाते. पहिले ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर, पार करायला पहिल्या टायरला २.७० सेकंद लागतात आणि दुसऱ्याला २.३६. इंजिनात एक बीएचपीही न वाढवता सेकंदाचा तिसरा हिस्सा पहिल्या साठ फुटांतच वाचतो. म्हणून काम टायरपासून सुरू करावे, असे मी म्हणतो.

जर्सीकर, न्यू जर्सी

गतिवेध, तुमच्या क्रमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि त्यात इथल्या अनुभवाची थोडी भर घालतो. इंग्लिशटाउनचा रेसवे पार्क २०१८ च्या जानेवारीत ड्रॅग शर्यतींसाठी बंद झाला, त्याआधी मी तिथे नियमित जात असे. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या होंडा सिव्हिक घेऊन येणारी तरुण मंडळी तिथे खूप असत. त्या मुलांच्या हातातली वेळेची चिठ्ठी पाहिली की कोणाची गाडी इंजिनावर चालते आणि कोणाची विचारावर, हे पहिल्या ओळीतच कळत असे.

त्या चिठ्ठीवर आधी प्रतिक्रियेचा वेळ असतो, मग अनुक्रमे ६०, ३३०, ६६०, १००० आणि १३२० फुटांवरचे वेळ असतात, आणि ६६० व १३२० फुटांवरचा वेग असतो. नवख्यांचा गोंधळ इथे होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ पाव मैलाच्या वेळेत धरला जात नाही. गाडीच्या पुढच्या चाकाने प्रकाशकिरण मोकळा केला की मगच घड्याळ सुरू होते. त्यामुळे प्रतिक्रिया मंद असूनही गाडीचा वेळ उत्तम येऊ शकतो, आणि गाडी वेगवान असूनही शर्यत हरता येते. गाडीची तयारी तपासायची असेल तर ६० फुटांचा आकडा आणि शेवटचा वेग, या दोनच गोष्टी बघाव्यात. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो आणि ६० फुटांचा आकडा टायर, सस्पेन्शन व क्लचवरचा पाय सांगतो. साठ फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी साधारण त्याच्या दीडपट वाचतो, कारण साठ फुटांवर मिळालेला जास्तीचा वेग गाडी पुढच्या प्रत्येक टप्प्यात घेऊन जाते.

मात्र तुमच्या १.४ या आकड्याविषयी सावध करतो. इथल्या पट्ट्यांवर सुरुवातीच्या भागात राळेसारखे चिकट द्रावण फवारतात आणि त्यावर रबर घासून थर देतात. चप्पल घालून चाललात तर ती पायातून निघून जमिनीला चिकटून राहते, इतकी ती जागा चिकट असते. विमानाच्या धावपट्टीवर असे काही नसते आणि वर बारीक खडी व धूळ असते. तिथे महागड्या स्लिक, म्हणजे बिनखाचांच्या, टायरचा पूर्ण फायदा मिळणार नाही. माझ्या मते तुम्ही १.१ ते १.२ धरून हिशेब करावा आणि स्लिकऐवजी मऊ रबराचे, रस्त्यावर चालणाऱ्या जातीचे सेमी-स्लिक घ्यावेत. असे खाचांचे टायर घेऊन, सुटण्याच्या रेषेआधी चाके फिरवून तापवण्यासाठी केलेल्या पाण्याच्या खड्ड्यातून मात्र जाऊ नका. खाचांत अडकलेले पाणी सुटण्याच्या रेषेवर ठिबकते, आणि आपल्याबरोबर मागून येणाऱ्याचेही नुकसान होते. खड्ड्याला वळसा घालून कोरड्या जागेवर चाक थोडे फिरवून स्वच्छ केले तरी पुरते.

मागचीचाके, नाशिक

मला या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न आहे. निव्वळ ड्रॅगचीच गाडी करायची, रस्त्यावरची सोय बघायची नाही, तर पुढच्या चाकांची गाडी घेताच कशाला? अमेरिकेत जुन्या सेडानची ड्रॅग गाडी करतात तेव्हा ती बहुधा मागच्या चाकांची असते. आपल्याकडेही हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा होती. इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन, मागची चाके ओढणारी, आणि बॉनेटखाली वाटेल ते इंजिन बसेल एवढी जागा. झेप घेताना भार मागे जातो तो तिच्या फायद्याचाच. गतिवेध यांच्याच सूत्राने मागच्या चाकांवर ४५ टक्के भार धरून मी हिशेब केला, तर १.४ घर्षणांकावर ०.८९ जी येतो. ०.६७ कुठे आणि ०.८९ कुठे!

गतिवेध

हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धा आहे. पकड जास्त असली तरी ती वापरायला ताकद लागते. माझ्या एस्टीमचे पुढच्या टप्प्यात १२० बीएचपी होतील असे धरतो आणि त्यातले चाकांपर्यंत १०० पोहोचतील. चालकासह ७७५ किलोची गाडी ०.६७ जी ने ढकलायला जितका जोर लागतो, तितका हे इंजिन ताशी सुमारे ५२ किलोमीटरपर्यंतच देऊ शकते, त्यानंतर टायर नव्हे तर इंजिन अपुरे पडू लागते. आता तेवढ्याच ताकदीची कॉन्टेसा घ्या. मूळची अकराशे-बाराशे किलोची ती गाडी खूप उतरवून चालकासह १०५० वर आली असे मानू. ०.८९ जी चा जोर तिचे इंजिन ताशी २९-३० किलोमीटरपर्यंतच देऊ शकेल. पुढचे सगळे अंतर जड गाडी ओढण्यात जाईल. सूत्राने तिचा पाव मैल १५.६ सेकंदांच्या आसपास येतो आणि एस्टीमचा १४.१. सूत्र पकडीतला फरक मोजत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात कॉन्टेसा थोडी जवळ येईल, पण दीड सेकंद भरून निघणार नाही.

तीनशे बीएचपीचे इंजिन बसवणार असाल, तर मात्र तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. तिथे पुढच्या चाकांची गाडी नुसती धूर काढत राहील. त्या खर्चाची तयारी असणाऱ्याने कॉन्टेसाच घ्यावी, आणि चांगल्या पत्र्याची मिळाली तर मला जरूर दाखवावी.

काटेकोर, ठाणे

मी मोजमापाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे दोन गोष्टींकडे लक्ष वेधते.

पहिली गोष्ट गिअरची. १२० बीएचपी आणि ७७५ किलो धरले तर शेवटच्या रेषेवरचा वेग ताशी १५५ किलोमीटरच्या आसपास येतो. १७५/७० आर १३ टायरचा घेर सुमारे १.८१ मीटर आहे. ताशी १५५ ला हे चाक मिनिटाला सुमारे १४३० फेरे घेते. इंजिन ७००० फेऱ्यांपर्यंत न्यायचे ठरले तर गिअर आणि डिफरन्शियल यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार ४.९ यायला हवा. आपल्या गिअरबॉक्सच्या तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर डिफरन्शियलच्या गुणोत्तराने गुणून बघा. उत्तर ४.९ च्या जवळ असेल, तर शर्यत तिसऱ्यातच संपते आणि चौथा टाकावा लागत नाही. साध्या सिंक्रो गिअरबॉक्समध्ये प्रत्येक बदलाला पाव-अर्धा सेकंद इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. रेषेच्या तीस मीटर आधी चौथा टाकावा लागणारी गाडी तो वेळ फुकट घालवते. अशा वेळी डिफरन्शियल बदलण्यापेक्षा टायरचा व्यास एक नंबर कमी-जास्त करून बघणे कितीतरी सोपे आहे. गतिवेध दादांच्या "टायरपासून सुरुवात" या म्हणण्याला हे आणखी एक कारण आहे, कारण टायर ठरल्याशिवाय गिअर ठरतच नाही.

दुसरी गोष्ट हवेची. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. तेवढ्या उंचीवर हवेची घनता साडेपाच-सहा टक्क्यांनी कमी असते. त्यात दुपारी पारा ३५ अंशांवर गेला, तर १५ अंशांच्या प्रमाणित हवेच्या तुलनेत आणखी सहा-साडेसहा टक्के कमी होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते, म्हणजे तुमचे १२० तिथे १०५-१०६ च्या आसपास असतील. सकाळी सातची धाव आणि दुपारी दोनची धाव यांची तुलना करताना तापमान, आर्द्रता आणि दाब लिहून ठेवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. दोन धावांच्या मध्ये एकच बदल करावा. टायरची हवा बदलली तर गाडी सोडतानाचे आरपीएम तेच ठेवावेत.

हवा-पेट्रोलचे मिश्रण बघण्यासाठी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर बसवणार असालच. त्याचा पडदा एअर-फ्युएलच्या आकड्यावर न ठेवता लॅम्डावर, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचे आदर्श प्रमाण यावर, ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे १४.७ हा जुना आकडा त्याला लागू पडत नाही. लॅम्डा मात्र कोणत्याही पेट्रोलला तसाच राहतो. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.८९ च्या दरम्यान सुरुवात करावी. त्याच इथेनॉलमुळे २००४ सालचे रबरी पेट्रोल पाइप आतून फुगतात आणि चिरतात. ते सगळे बदलल्याशिवाय ही गाडी सुरूही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यमनगरकर, कोल्हापूर

आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेले, म्हणून इंजिनावर लिहितो. इंजिन शेवटी करा हे ठीक, पण जे करायचे ते समजून करा.

या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ७५.५ मिलिमीटर आहे. ७००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास राहतो, आणि चांगल्या बांधलेल्या इंजिनाला तो झेपतो. बरेच जण एस्टीममध्ये जुन्या बलेनोचे १५९० सीसीचे इंजिन बसवतात. त्याने खालचा जोर वाढतो, पण त्याचा स्ट्रोक ९० मिलिमीटर आहे आणि तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टनचा वेग २१ मीटरवर जातो. त्यामुळे ते इंजिन तेवढे फिरवण्याच्या फंदात पडू नये. तेराशेच्या इंजिनाची आणखी एक जमेची बाजू आहे. हेच इंजिन जिप्सीच्या इंजेक्शनवाल्या गाडीत होते आणि २००५ च्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही आले, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. शिवाय फॉर्म्युला एलजीबी या शर्यतीच्या गाड्या स्विफ्टच्या याच १२९८ सीसीच्या इंजिनावर धावत आल्या आहेत. कोईमतूरकडच्या मंडळींना या इंजिनाचा शर्यतीतला स्वभाव तोंडपाठ आहे. शक्य असेल तर तिकडच्या जाणकाराकडून हेड करून आणावे.

बोअरिंगच्या आधी कॉम्प्रेशन बघून थांबू नका, लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती तपासा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये तेल वर चढलेले जुने इंजिनही चांगले दिसते. लीकडाउनमध्ये हवा कुठून जाते ते ऐकू येते. तेलाच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंग, एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅसकेट.

आता जे लिहायला बसलो ते. मूळ फ्लायव्हील लेथवर लावून हलके करून द्या, अशी मागणी घेऊन मुले आमच्याकडे येतात. मी ते काम करत नाही, आणि कोणी करून दिले तरी वापरू नये. मूळ फ्लायव्हील बिडाचे असते. बीड दाब सहन करते, ताण सहन करत नाही, आणि फिरत्या चाकाच्या कडेला ताणच असतो. फेरे दुप्पट झाले की तो ताण चौपट होतो. त्यात पातळ केलेली कड आणि क्लच घासून तापलेला पृष्ठभाग. आडव्या इंजिनात फ्लायव्हील गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरते, त्यामुळे ते फुटले तर तुकडे एक तर बॉनेट फोडून वर जातात, नाहीतर फायरवॉल फोडून आत पायांवर येतात. हलके फ्लायव्हील हवेच असेल, तर अखंड पोलादातून काढलेले आणि प्रमाणपत्र असलेले घ्या. खरे तर ड्रॅगमध्ये सुटताना थोडे जड फ्लायव्हीलच उपयोगी पडते. क्लच सोडल्यावर इंजिन दबत नाही, साठवलेला जोर चाकांना मिळतो. त्यामुळे तुमच्या गाडीत मूळचेच, बिनातड्याचे आणि फक्त फेसिंग केलेले फ्लायव्हील राहू द्या.

जर्सीकर

उद्यमनगरकरांचे फ्लायव्हीलवरचे लिखाण सोन्यासारखे आहे. इथे वेगवान गटांत क्लच आणि फ्लायव्हील एसएफआय (शर्यतीच्या सामानाची सुरक्षा-मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) प्रमाणित असणे आणि भोवती पोलादी कवच असणे सक्तीचे आहे, ते अशाच अपघातांवरून शिकून.

कलम_सांगे, मुंबई

तांत्रिक चर्चेत कायद्याची बाजू राहून गेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या कागदांत असलेल्या उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या जानेवारीत हे स्पष्ट केले आहे. सीट काढलेली, काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट लावलेली आणि आत पिंजरा असलेली गाडी रस्त्यावर आणली, तर ती कायदेशीर गाडी राहत नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. गाडी कायमची वापरातून काढली असेल तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. भंगार केंद्राकडे गाडी दिली तर ती परत मिळत नाही, त्यामुळे तो मार्ग तुमच्या उपयोगाचा नाही. यापुढे ही गाडी घरापासून धावपट्टीपर्यंत दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यायची. तिच्या वाहतुकीचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा, कारण बहुतेक जण तो विसरतात.

रात्री मोकळ्या महामार्गावर "एकच धाव मारून बघू" असा विचार कोणाच्याही मनात येऊ नये, म्हणून तेही लिहितो. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची चाचणी घेणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. आणि समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाला तुमच्या साठ फुटांच्या आकड्याशी काही देणेघेणे नसते.

नवशिका, सातारा

पिंजऱ्याबद्दल विचारायचे होते. आमच्याकडे ग्रिल-शटरचे काम करणारे चांगले वेल्डर आहेत. दोन इंची काळा पाइप घेऊन त्यांच्याकडून पिंजरा करून घेतला तर चालेल का? चौदा सेकंदांच्या गाडीला पिंजरा लागतो तरी का?

गतिवेध

ग्रिलचा पाइप मुळीच चालणार नाही. तो पत्रा वळवून, शिवण वेल्ड करून केलेला असतो आणि वाकवताना किंवा आपटल्यावर त्या शिवणीवरच उघडतो. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी थंड ओढलेला, बिनाशिवणीचा कार्बन पोलादाचा पाइप सांगितला आहे. त्याची मापे ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी. बाकीच्या नळ्यांसाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पिंजऱ्याचा पाय नुसता तळाच्या पत्र्याला चिकटवायचा नसतो. पत्र्याला किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी जोडायची असते, नाहीतर गाडी उलटली की पाय पत्रा फाडून खाली उतरतो. वेल्डर कितीही सफाईदार असला तरी वाकवण्याचे काम मँड्रेल (नळी आतून धरून ठेवणारा दांडा) असलेल्या यंत्रावरच व्हावे. वाकवलेल्या जागी नळी चपटी झाली की तिची ताकद गेली.

अमेरिकेच्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेचा ढोबळ नियम असा आहे की ११.४९ सेकंदांपासून रोल बार आणि १० सेकंदांच्या आत पूर्ण पिंजरा लागतो. त्या हिशेबाने चौदा सेकंदांच्या गाडीला तो सक्तीचा नाही. तरी मी बसवणार आहे, कारण आपल्या धावपट्ट्यांच्या कडेला तिकडच्यासारख्या काँक्रीटच्या भिंती नसतात, मोकळी जमीन असते आणि ताशी १५५ ने घसरलेली गाडी मातीत रुतून उलटते. शिवाय वीस वर्षांची एस्टीम सुटताना अंगातून पिळते. पिंजऱ्यामुळे तो पीळ जातो आणि डावे-उजवे चाक सारखे दाबले जाते. त्याचे वजन मी ७७५ मध्ये धरलेले आहे. पिंजऱ्याची नळी डोक्याजवळ येते तिथे मऊ आवरण आणि हेल्मेट दोन्ही हवेच, आणि आयोजकांची नियमपुस्तिका पाइप घेण्याआधी वाचायची, नंतर नव्हे. एफएमएससीआय या देशातल्या मोटारशर्यतींच्या संघटनेचा स्पर्धा परवाना काढण्याचे कामही त्याच वेळी सुरू करा.

मागचीचाके

कॉन्टेसाचा हट्ट मी तूर्त सोडला आहे. आता एस्टीमच्या सस्पेन्शनविषयी विचारतो. मागच्या चाकांच्या गाडीत पुढचा भाग मोकळेपणाने उचलू देतात आणि बॅटरी डिकीत नेतात. तुम्ही काय करणार?

गतिवेध

बरोबर उलटे. बॅटरी पुढेच राहील, शक्य झाल्यास आणखी पुढे, बंपरच्या मागे. मागच्या स्प्रिंगा कडक करायच्या, म्हणजे बूड बसणार नाही, आणि पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचा वर येण्याचा प्रवास आवळायचा, म्हणजे नाक उचलणार नाही. इंजिनाची रबरी माउंटिंग काढून कडक पॉलियुरेथेनची बसवायची. मूळ रबरावर इंजिन मागे-पुढे झुलते, चाक पकड घेते-सोडते, आणि त्या उड्यांतच ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तुटतात. जॉइंट नवे बसवायचे आणि जुन्यांतला एक चांगला जोड सोबत न्यायचा. मागे मूळच्यापेक्षा अरुंद टायर लावले तरी चालते, पण ब्रेकला हात लावायचा नाही. ताशी १५५ वरून अर्ध्या जी ने थांबायला सुमारे १९० मीटर लागतात, आणि ते सगळे अंतर शेवटच्या रेषेनंतरचे आहे. वजन वाचवण्यासाठी मागचे ड्रम काढून टाकणाऱ्या गाडीजवळ मी उभा राहणार नाही.

काटेकोर

टायरच्या हवेबद्दल कोणीच आकडा दिलेला नाही. पहिल्या दिवशी कुठून सुरुवात करावी?

जर्सीकर

सेमी-स्लिक असतील तर पुढे २४ पीएसआयपासून सुरुवात करा आणि एकेक पाउंडाने खाली या. मागे मात्र ३८-४० ठेवा, म्हणजे चाक हलके फिरते. हवा सकाळी थंड टायरमध्ये एकदाच भरून विसरू नका, प्रत्येक धावेच्या आधी रांगेत उभे असताना मोजा, कारण उन्हात उभ्या गाडीची उन्हाकडची बाजू दोन-तीन पाउंड चढलेली असते आणि मग गाडी सुटताना एका बाजूला खेचते. धाव झाल्यावर पुढच्या टायरवरचा घासलेला पट्टा बघा. कडा काळ्या आणि मधला भाग कोरा असेल तर हवा फार कमी झाली आहे, मध्येच घासलेला असेल तर जास्त आहे. ६० फुटांचा आकडा कमी व्हायचा थांबला की मागच्या आकड्यावर परत या आणि तिथेच थांबा.

गतिवेध

छान. पहिल्या दिवशी मूळ इंजिनावरच, फक्त हलकी केलेली आणि पिंजरा बसवलेली गाडी नेणार आहे. २८ पासून सुरू करून एकेक पाउंडाने २२ पर्यंत येईन, आणि तापमान व दाबासह सगळ्या चिठ्ठ्या इथेच लावीन. काटेकोर ताई, तक्त्याचे रकाने तुम्ही ठरवून दिलेत तर बरे होईल.

काटेकोर

धावेची वेळ, हवेचे तापमान, आर्द्रता, दाब, पट्टीच्या पृष्ठभागाचे तापमान, चारही टायरची हवा, टाकीतले पेट्रोल लिटरमध्ये, सुटतानाचे आरपीएम, आणि मग चिठ्ठीवरचे सगळे आकडे. पेट्रोलचा रकाना वगळू नका, २० लिटर म्हणजे १५ किलो होतात. एस्टीमची टाकी मागे असते, त्यामुळे ते वजन नको त्या टोकाला बसते.